समुद्राची बोहारीण

माधवनगर
रविवार, २४ सप्टेंबर १९७८

आणि ती अनामिक बाई कोण रे, कृष्णात? साप्ताहिकात दोन पानं भरून लिहिलंस. फोटू छापलास. फोटूत माझी चूल दिसते, चुलीवरचा कोनाडा दिसतो, कोनाड्यातली रॉकेलची बाटलीसुद्धा दिसते, आणि खाली नाव काय, तर ‘अनामिक लोककलावंत’. मला शब्द कळला नाही. समोरच्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही तो अनामिक. तुला माझं नाव ठाऊक नाही? बोलायला लागलास तेव्हा आधी ‘आक्का’ म्हणालास, ‘आई’ नंतर. साळूबाई केरबा पिसाळ. लग्नाआधी भोईटे. तूही भोईटेच. लिहून ठेव कुठंतरी.

पुढं लिहितोस, ‘ही निरक्षर स्त्री आपण काय घडवले आहे याविषयी पूर्ण अजाण आहे, आणि हेच तिचे वैभव.’ हे मी तीनदा वाचलं, मोठ्यानं. तुझे दाजी जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, “निरक्षर मजी काय गं?”

“जिला वाचाय येत न्हाई ती.”

“मग तू आत्ता काय करतीस?”

मिलमधल्या माणसाला कळलं आणि तू मुंबईच्या कॉलेजात पोरांना शिल्पकला शिकवतोस, तुला कळलं नाही. मला दुसरीतून का काढलं ते तुला माहीत आहे. आई रानात जायची आणि तुला कडेवर घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्याचं मी काही मागत नाही. पण चुरमुऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय चुलीत घातलेला नाही, तेव्हा निरक्षर म्हणू नकोस.

आता जलदेवतेचं. तू तिला जलदेवता म्हटलंस. चार वर्षांनी घरात पाऊल टाकलंस, सांगलीत परीक्षेचं काम होतं म्हणून. तासभर बसलास, चहा घेतलास, गौरीपुढची आरास बघितलीस आणि उठून फोटू काढायला लागलास. एकदा तरी विचारलंस का, आक्का, हे काय केलंयस? ती देवता नाही. ती बोहारीण आहे. आपल्या चाळीत दर शनिवारी येते ना, डोक्यावर पाटी घेऊन, जुनं घेते आणि नवं देते, तशी. फक्त ही समुद्राची. पाय पसरून बसली आहे, पुढ्यात माल मांडला आहे, हातात तागडी आहे. एका पारड्यात एका पायाची चप्पल. दुसरं पारडं मोकळं. तू लिहिलंस, मोकळं पारडं म्हणजे शून्य की काय. शून्य नाही. बदल्यात ती काय मागणार ते मला कळलं नाही म्हणून मी तिथं काही ठेवलं नाही.

समुद्र मी दोन वर्षांमागं पहिल्यांदा बघितला. दाजींच्या भाचीचं लग्न होतं रत्नागिरीला. रसूल गुळाची खेप घेऊन निघाला होता, त्याच्याच ट्रकात पुढं बसून गेलो. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, वाटलं होतं, समुद्र बघून रडू-बिडू येईल. पाणी आत गेलं होतं, आणि जिथवर येऊन गेलं तिथं वाळूवर एक लांबच लांब रेघ. कशाची? रबरी चपला. पावडरीचे डबे. फुटके कंगवे. दिव्याचा बल्ब, तो मात्र न फुटलेला. नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते, बाहुलीचा हात, केसाच्या तेलाच्या बाटल्या, आणि झाकणं, झाकणं तर इतकी की मोजणारा वेडा होईल. एक कोळीण टोपली घेऊन त्यातून चालली होती. मी विचारलं, हे कुणाचं गं? ती म्हणाली, आम्ही तर एवढं विकत घेत नाही, तुमचंच असेल.

तिथं मी आणखी एक वस्तू बघितली आणि वाळूत खाली बसले. दाजींना वाटलं, चक्कर आली. कोणती वस्तू ते सांगत नाही. तुझा संबंध नाही.

दोन पोती भरली मी. रसूल कपाळाला हात लावून उभा. “वैनी, लोक रत्नागिरीस्नं आंबं आनत्यात आन तुमी ह्ये?”

“तुझ्या ट्रकाला जड झालं का?”

“जड न्हाई वो. नाक्यावर इचारलं, माल कुणाचा, तर काय सांगू?”

“समुद्राचा म्हनून सांग.”

ती पोती वर्षभर माळ्यावर पडली होती. मग मी बसले. आतला सांगाडा बांबूचा आणि सायकलच्या तारांचा. अंग हळदीच्या पोत्यांचं. आणि पदर, केस, लाटा, फेस, जे जे हलतं, ते सगळं मिलच्या सुताच्या कचऱ्याचं. दाजी डब्याच्या पिशवीतून आणायचे. सूत खळीत बुडवायचं, अर्धं वाळलं की हातानं वळण द्यायचं, मग कडक होईपर्यंत धरून बसायचं. पहिल्या खेपेला सगळं उंदरांनी खाल्लं, गव्हाची खळ ती. दुसऱ्या खेपेला झुरळांनी. मग खळीत मोरचूद घातला. किडा फिरकला नाही, आणि रंग काय आला ते तू बघितलंसच. ‘विलक्षण हिरवट निळाई, जी केवळ उपजत प्रतिभेलाच सुचते’ म्हणे. उपजत नाही. मोरचूद. माझ्या बोटांची सालं निघाली होती, ती फोटूत आली नाहीत.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, वस्तू रसूलच्या ट्रकातून मुंबईला पाठव, दिवाळीच्या सुमारास प्रदर्शन आहे, ‘संकल्पना व मांडणी: प्रा. कृष्णात भोईटे’. बेंदराचे मातीचे बैल मी करायची, आणि तू शेपट्या लावून सगळ्या गावाला दाखवायचास, माझे बैल बघा. तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. आता किती?

वस्तू येणार नाही. माझं नाव लागलं तर बघू.

आक्का

घरची सगळी बरी आहेत ना, हे विचारायचं राहिलं. सगळी म्हणजे सगळी.



माधवनगर
गुरुवार, २८ सप्टेंबर

कृष्णात,

उत्तर नाही. पोस्टमन रोज समोरच्या दारात पत्र टाकतो आणि माझ्याकडं बघून मान हलवतो. मला ती मान आवडत नाही.

इथं घोळ झाला आहे आणि तुला कळवलं पाहिजे, कारण आता वस्तू माझ्या हातात राहते की नाही हाच प्रश्न आहे. तू गेलास त्याच संध्याकाळी गौरीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या. पुढं बनुबाई. तुला आठवत असेल, चाळीतली सगळ्यांत थोरली, आईच्या शेवटच्या दुखण्यात पंधरा दिवस उशाला बसली ती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं थोरल्या गौरीला कुंकू लावलं, धाकटीला लावलं, आणि वळली तर तिसरी समोर. “आवंदा तीन बसवल्या व्हय गं?” म्हणाली आणि बोहारणीच्या कपाळावर हळदीकुंकू टेकवून मोकळी झाली. मी चहाचं पातेलं उतरवत होते. हातातलं ठेवून येईपर्यंत मागच्या बायकांनी बनुबाईनं लावलं म्हणून लावलं. त्यांच्या मागच्यांनी ओटी भरली. बोहारणीच्या मांडीत बादली आहे, तिच्यातच तांदूळ, खण, नारळ. सतरा बायकांची ओटी! मला हसू आवरेना. ते हसू मला नडलं. तेव्हाच ओरडले असते तर बरं झालं असतं.

गौरी जायच्या दिवशी बायका दारात. तिन्ही न्यायच्या म्हणतात, कृष्णामाईला. मी दोन दिल्या. तिसरीपुढं आडवी उभी राहिले.

बनुबाई म्हणाली, “कुक्कू लावल्याली बाई घरात दडपून ठेवतीस? तुला काय कळतंय का?”

“ती बाई न्हाई मावशी. कचरा हाय. मीच केलाय.”

“कचरा? मग आमी सतरा जणींनी कचऱ्याला ववाळलं?”

सांग, याला काय उत्तर देऊ? देवी म्हटलं तर नदीत सोडली पाहिजे. कचरा म्हटलं तर सतरा जणींच्या तोंडात मारल्यासारखं. मी म्हटलं, त्यात मोरचूद आहे, मासे मरतील. टिन आहे, नायलॉन आहे, म्हशी खातील. ते सगळं पुन्हा वाहत जाणार समुद्राला. ज्यानं परत केलं त्यालाच पुन्हा नेऊन द्यायचं का?

तर शालूबाई मागनं म्हणते, “लय शानी झाली रत्नागिरीला जाऊन. गनपतीत काय रंग नसतोय?”

त्या दिवशी गेल्या. पण आता चाळीत दोघींना कावीळ झाली आहे, आणि ती माझ्यामुळं. पाण्याच्या नळावर मी गेले की भांडी सरकतात. पितृपंधरवडा आहे म्हणून सगळं दबलेलं आहे. उठला की बोलतील.

दाजी गप्प आहेत. ते गप्प असले की मला भीती वाटते, कारण मग ते कुणालातरी हो म्हणून आलेले असतात.

तू नाव लाव आणि ने. उशीर करू नकोस. मी आता अटी घालते आहे असं वाटेल तुला. घालते आहे.

आक्का



माधवनगर
मंगळवार, ३ ऑक्टोबर, घट बसले

कृष्णात,

पत्र शनिवारी मिळालं. नाव लावतोस, चांगलं झालं. चुकलं म्हणालास, तेही वाचलं. दोन ओळींत उरकलंस, पण वाचलं.

पण त्याखाली जे लिहिलंस ते काय? ‘मांडीतली लाल प्लॅस्टिकची बादली डोळ्यांना खटकते. ती काढून तिथे तांब्याची जुनी घागर बसवता आली तर कृतीला परंपरेचे वजन येईल. आईची होती तशी. ती तर गेलीच. बाजारात तशी मिळते का बघ, नाहीतर मी इकडून आणतो.’

बादली निघणार नाही.

का, म्हणून विचारू नकोस. बुडाला तडा गेलेला आहे, दांडी तुटकी आहे, मला दिसतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. सबंध बोहारीण त्या बादलीभोवती बांधली आहे. बादली काढली तर सांगाडा पडेल. म्हणजे खरंच पडेल, बांबू तिच्यातनंच वर गेलेत. आणि घागर तर त्या मांडीत मी मेले तरी ठेवणार नाही. तू आणलीस तर फेकून देईन. एवढं कळवते आणि थांबते.

दाजींचं सांगते. काल अमावास्या झाली. आज सकाळी घट बसवताना बनुबाईचा नातू दारात येऊन म्हणाला, आजीनं विचारलंय, दसऱ्याला कितीला निघायचं. मी दाजींकडं बघितलं. ते घटाच्या मातीत गहू पेरत होते. मान वर केली नाही.

“आवं, काय कबूल केलंय तुमी?”

“दसऱ्याला सीमोल्लंघनाला सगळी भाईर पडत्यात. तवा न्हेऊन सोडू म्हनलं.”

“कुणाला इचारून?”

“आगं, मला मिलमदी त्यांच्याच नवऱ्यांबरुबर उभं ऱ्हायचं असतंय. आट घंटे. तुला न्हाई कळायचं.”

मला कळतं. मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडले, पण नंतर. त्यांनी त्या सुताच्या पिशव्या वर्षभर आणल्या, फाटकावर दोनदा पकडले गेले, आणि मला सांगितलं नाही. ते मला रसूलकडनं कळलं.

रसूल दहा तारखेला मंगळवारी संध्याकाळी हळद घेऊन मुंबईला निघणार आहे. त्याच्या ट्रकात मागं जागा ठेवतो म्हणाला आहे. अकरा तारखेला दसरा. म्हणजे काय ते तुला समजलं. दहाला गेली तर वाचली. अकराला इथं असली तर नदीत.

बादली निघणार नाही.

आक्का



माधवनगर
बुधवार, ४ ऑक्टोबर

कृष्णात,

कालचं पत्र टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. आज पुन्हा लिहिते आहे. हे पत्र बसून वाच. आणि एकटा वाचू नकोस.

आईची घागर कुणी नेली नाही. मी दिली.

आई जाऊन तीन महिने झाले होते. शनिवार होता. बोहारीण आली, ती खरी, चाळीतली. तिच्या पाटीत त्या वेळेला पहिल्यांदा प्लॅस्टिक आलं होतं. लाल, पिवळ्या, निळ्या बादल्या, एकात एक घातलेल्या. बायका तुटून पडल्या होत्या. शालूबाईनं नवऱ्याचं पितळी घंगाळ दिलं. बनुबाईनंसुद्धा दोन तांबे दिले, तिला तेव्हा दिसत होतं. बोहारीण मला म्हणाली, “ताई, तांबं रोज चिच्चंनं घासायचं, उचलताना कंबर मोडायची. ही बगा, दोन बोटांवर येती.” आणि खरंच तिनं दोन बोटांवर तोलून दाखवली. मी आत गेले आणि घागर घेऊन आले. बदल्यात लाल बादली आणि झाकणाचे दोन डबे. मला कुणी फसवलं नाही. मला ती बादली पाहिजे होती. लाल होती. आपल्या घरात लाल असं काही कधी नव्हतं.

त्या दुष्काळात आईनं तीच घागर घेऊन दोन कोस पाणी आणलं, ते तू नको सांगूस मला. मी तिच्याबरोबर होते.

पुढच्या महिन्यात तुझं पत्र आलं, दिवाळीला येतो, विजयमालेला आईची आठवण म्हणून घागर पाहिजे. तेराव्याला तिनं ती घासली होती, चकचकीत केली होती आणि मला विचारलं होतं, “आक्का, ही मी नेऊ का कधीतरी?” मी म्हटलं होतं, बघू. मला राग आला होता. आईला तिनं किती बघितलं होतं, दोन वर्षं? आणि तुमचं पत्र आलं तेव्हा मला काही सुचलं नाही. तुम्ही आलात. तू म्हणालास, घागर कुठाय? मी म्हटलं, तेराव्यानंतर दिसलीच नाही. तू म्हणालास, म्हणजे? मी म्हटलं, विचार तुझ्या बायकोला, घासत तर तीच होती.

एवढ्यावर थांबले असते तरी झालं असतं. पण तू माझ्याकडं असं बघितलंस की मला ते खरं करून दाखवावं लागलं. तिची ट्रंक मी ओढली. चाळीच्या दारात, सगळ्यांदेखत उघडली. तिच्या साड्या एक एक करून बाहेर टाकल्या. तिच्या आईनं दिलेली हिरवी, तुझ्या पहिल्या पगाराची, सगळ्या. घागर ट्रंकेत मावत नाही हे मला माहीत होतं. कुणालाही माहीत असतं. तरी मी तळापर्यंत उपसली. तिनं खाली बसून साड्या झटकल्या, घड्या घातल्या, एक एक. घड्या नीट घातल्या. दुसरी असती तर बोळा करून कोंबल्या असत्या. मग तू ट्रंक उचललीस.

शालूबाईला खरं माहीत होतं. बनुबाईला माहीत होतं. शनिवारी त्या तिथंच होत्या. त्या दिवशी कुणीही तोंड उघडलं नाही, कारण त्यांनीही दिलेल्या भांड्यांबद्दल आपापल्या घरात काही काही सांगितलं होतं. आज ज्या माझ्या दारात उभ्या राहतात ना, त्यांच्याशी भांडताना मला जीव येत नाही तो यामुळं.

बादलीचं बूड वर्षात फाटलं.

रत्नागिरीला वाळूत काय बघितलं ते तुला सांगणार नाही म्हटलं होतं. लाल बादली. दांडी तुटलेली, बुडाला तडा. आपली कृष्णामाई उगवतीकडं जाते आणि रत्नागिरी मावळतीला, तेव्हा माधवनगरची बादली तिथं जाणार नाही हे मला कळतं. माझी तर घरी मोरीत पडली होती. तरी मला वाटलं, माझीच. नदीनं नेलंच नाही ते समुद्रानं परत केलं. मी खाली बसले ती त्याला. घरी आल्यावर मी माझी बादली मोरीतून काढून धुतली आणि माळ्यावर ठेवली. पहिला बांबू तिच्यात रोवला. आधी काय करायचं ते ठरलं नव्हतं, एवढंच ठरलं होतं, की बादली मधे.

म्हणून तुझी घागर तिथं बसणार नाही. घागर बसवली तर ती बघायला छान दिसेल आणि खोटी होईल. लोक म्हणतील, वा, काय परंपरा. मुंबईतल्या सगळ्यांनी तसं म्हटलं तरी चालेल, पण विजयमाला तिथं येणार. तिनं त्या मांडीत चकचकीत घागर बघायची आणि मी कुठं मान घालायची?

तू तुझ्या लेखात लिहिलंस, हिला आपण काय केलं ते कळत नाही. वर्षभर मी रोज त्याच्यापुढं बसले आहे. जेवढं मला कळतं तेवढं तुझ्या सबंध कॉलेजला कळत नाही. पण सांगितलं नव्हतं, हे माझं. नाव नाही लावलं म्हणून तुझ्यावर ओरडले, आणि तिचं नाव चार वर्षं चाळीत चोर म्हणून ठेवलं, त्याचं काय? पहिलं पत्र तुला लिहिताना हे मला कळत होतं. तरी लिहिलं. राग खरा होता, तोही काढून घेत नाही.

काल संध्याकाळी मी बनुबाईकडं गेले. म्हटलं, मावशी, त्या ट्रंकेच्या दिवशी तुमी बगत हुता. ती माळ ओढत होती. म्हणाली, “बगत हुते.” मी म्हटलं, “बोलला का न्हाई?” माळ बाजूला ठेवून तिनं सांगितलं, “तुजी आई नुकतीच गेल्ती. तुला काय बोलू?” मग म्हणाली, “पर त्या बाईला नदीत सोड. तुजं तुला हलकं हुईल.” मला त्या क्षणाला वाटलं, सोडावी. सगळं वाहून जाईल, बादलीसकट. कुणाला कळणार नाही, तुला पत्र लिहायला नको. इतकं सोपं होतं. घरी आले आणि तिच्या मांडीतली ओटी काढून पुडीत बांधली, तांदूळ शिजवायला घेतले. दाजी म्हणाले, “ह्ये कुठलं तांदूळ?” मी म्हटलं, “खावा.”

आता माझं म्हणणं ऐक. हे पत्र विजयमालेला वाचून दाखव. सगळं. ट्रंकेचं वगळू नकोस, मी वगळलं नाही. तिला रडू आलं तरी थांबू नकोस, आणि राग आला तर तू मधे पडू नकोस. तू चांगला आहेस, पण तुला मधे पडायची सवय आहे.

मग तिला विचार, ही बोहारीण मुंबईत, तिच्या गावात, आलेली तिला चालेल का. नावाच्या पाटीवर काय लिहायचं तेही तिनं सांगावं. घागरीची गोष्ट लिहा म्हणाली तर तीही लिहा, सगळ्या मुंबईनं वाचली तरी चालेल. तिनं हो म्हटलं तर मी स्वतः ट्रकात बसून घेऊन येते, कारण घाटात लाटा धरून बसायला माणूस लागेल आणि रसूलला गाडी हाकायची असते. नको म्हटलं तर बोहारीण मुंबईला येणार नाही. आणि नदीतही जाणार नाही. दाजींनी शब्द दिला असला तरी. मी दसऱ्याच्या आधी माझ्या हातानं उसवीन, बांबू वेगळे, तारा वेगळ्या, सूत मिलच्या भट्टीत, आणि समुद्राचं जे आहे ते परत पोत्यात. पुन्हा करणार नाही. एकदाच जमतं असं, हे तुला तुझ्या धंद्यात माहीत असेल.

तुझं उत्तर मला नको आहे. तू हो म्हणशील, मला माहीत आहे, तुला प्रदर्शन आहे. तिचं पाहिजे, तिच्या हातचं. तिचं अक्षर मी ओळखते, लग्नानंतर तिनं मला दोन पत्रं लिहिली होती, त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं. एक ओळ चालेल. शिवी असली तरी चालेल, पण हो की नको ते स्पष्ट लिही म्हणावं.

दहा तारखेला, मंगळवारी, दुपारचं टपाल दोनला येतं आणि रसूल सहाला गाडी काढतो. त्या टपालात तिचं पत्र पाहिजे.

साळूबाई